पावसाळ्यात पडून राहिलेला जुना ग्रास कटर: कार्ब्युरेटरची दुरुस्ती

गोव्यात पाऊस ओसरला की काजूच्या बागायतींत साफसफाई सुरू होते. बोंडे गळू लागण्यापूर्वी झाडांखालचे रान काढले नाही, तर खाली पडलेल्या बिया झुडपांत आणि पाचोळ्यात सापडत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात तेच वाळलेले रान आगीला निमंत्रण देते. मजूर मिळणे कठीण झाल्यापासून सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत हे काम बहुतांशी खांद्यावरच्या ग्रास कटरवर आले आहे. नवे यंत्र घेणे शक्य नसेल तर जुने घेण्यात कमीपणा नाही, कारण विकायला निघालेल्या बऱ्याच यंत्रांचे इंजिन शाबूत असते आणि बिघाड कार्ब्युरेटरात (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात) किंवा त्याच्या आसपासच्या नळ्यांत असतो.

मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. कार्ब्युरेटर अर्धवट चोंदला की पेट्रोल कमी पोहोचते, त्याबरोबर तेलही कमी पोहोचते, आणि पिस्टन सिलिंडरला घासू लागतो. त्यामुळे चोक (हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी खिटी) अर्धा ओढून यंत्र कसेबसे चालवत राहणे आणि दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलणे हा मार्ग धोक्याचा आहे. दोन-अडीच तासांच्या सफाईने जे भागले असते, त्याच्यासाठी पुढे पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदलावे लागतात.

येथे सांगितलेली पद्धत ४३ ते ५२ सीसीच्या, बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या टू-स्ट्रोक ग्रास कटरसाठी आहे. इंजिनावर तेल ओतण्याचे स्वतंत्र झाकण असेल तर ते यंत्र फोर-स्ट्रोक आहे. त्यात साधे पेट्रोल घालतात आणि तेल वेगळे भरतात. टू-स्ट्रोक यंत्रात चुकूनही साधे पेट्रोल घालू नये.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे

विकणारा बहुधा सांगतो की कार्ब्युरेटर तेवढा साफ केला की यंत्र चालेल. हे खरे आहे की नाही ते पैसे देण्यापूर्वी दहा मिनिटांत कळू शकते. प्रथम दोरी सावकाश ओढून पाहावी. पिस्टन वर येताना हाताला ठळक अडथळा जाणवला पाहिजे. दोरी सैल, सुळसुळीत येत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेलेले आहे. कॉम्प्रेशन मोजण्याचे मीटर मिळाले तर प्लगच्या जागी लावून दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढावी. काटा १०० पीएसआयच्या वर जात असेल तर निर्धास्त राहावे, त्याच्या बराच खाली थांबत असेल तर यंत्र सोडून द्यावे.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे सायलेन्सर काढून आत डोकावणे. तो सहसा दोन बोल्टांवर असतो. दोरी हळूहळू ओढत पिस्टन खाली-वर करावा आणि विजेरीच्या प्रकाशात त्याची बाजू नीट पाहावी. पृष्ठभाग गुळगुळीत दिसला आणि त्यावर कारखान्यातल्या घडणीचे मूळ बारीक आडवे चरे दिसले, तर इंजिन चांगले आहे. उभे, खोल, चकाकणारे ओरखडे दिसले तर ते इंजिन तेलावाचून चालवले गेले आहे, आणि कार्ब्युरेटर कितीही स्वच्छ केला तरी त्याचा उपयोग नाही. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सायलेन्सर काढलाच आहे तर त्याच्या तोंडाची जाळी काजळीने भरली आहे का तेही पाहावे. जाळी चोंदली असेल तर इंजिन सुरू होते पण जोर धरत नाही, आणि त्याचा दोष नाहक कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

जुन्या पेट्रोलचे काय होते

टाकीत उरलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून तासभर स्थिर ठेवावे. ताज्या पेट्रोलचा वास तीक्ष्ण असतो. शिळ्या पेट्रोलला आंबूस, वार्निशसारखा वास येतो. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला, तर बिघाडाचे मूळ हाती लागले असे समजावे.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि त्यानंतर ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्याची हवा किती दमट असते ते सांगायला नको. त्यात ग्रास कटर पडवीत किंवा गोठ्याच्या आढ्याखाली ठेवलेला असतो, टाकी अर्धी भरलेली असते आणि झाकणाचे रबर झिजलेले असते. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. तेल मात्र बहुतांशी वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर वजनाने नेमका तळाशी पडलेला असल्यामुळे इंजिनाकडे प्रथम जाते ते हे तेलविरहित, पाणचट मिश्रण. म्हणून जुन्या यंत्रात कोणते पेट्रोल आहे याची खात्री नसेल, तर ते सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी टाकी रिकामी करावी. टाकी धुताना पाणी वापरू नये. थोडे ताजे पेट्रोल घालून ती चांगली हलवावी आणि ओतून टाकावी. हे ओतलेले पेट्रोल विहिरीजवळ, ओहोळात किंवा कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पाटात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दोष नक्की कुठे आहे

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी प्लग काढून पाहावा. बरीच वेळ दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओलाचिंब असेल तर जास्त पोहोचते किंवा ठिणगी पडत नाही. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून दोरी ओढतात. त्या वेळी प्लगचे छिद्र कापडाने झाकलेले असावे आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. प्लगच्या टोकांतील अंतर ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावे.

ठिणगी ठीक असेल तर प्लगच्या छिद्रातून ताज्या, तेल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब आत टाकावेत, प्लग घट्ट बसवावा आणि दोरी ओढावी. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडले, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही शाबूत आहेत आणि अडचण पेट्रोलच्या वाटेतच आहे, हे सिद्ध होते.

त्यानंतर कार्ब्युरेटरखालचा पारदर्शक रबरी फुगा दाबून पाहावा. हा फुगा पेट्रोल इंजिनात ढकलतो असा पुष्कळांचा समज आहे, पण तसे नसते. तो टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओढतो आणि दुसऱ्या नळीने परत टाकीत सोडतो. त्यामुळे त्याच्या वागण्यावरून बरेच कळते. दाबल्यावर फुगा चपटाच राहिला तर ओढणारी बाजू तुंबली आहे: टाकीतला फिल्टर, नळी, कार्ब्युरेटरमधली बारीक जाळी किंवा चिकटलेली सुई. फुगा दाबलाच जात नसेल तर परतीची नळी बंद आहे. फुगा भरतो पण त्यात बुडबुडेच येत राहतात, असे असेल तर नळीला किंवा फुग्याला चीर आहे. आधीच्या कोणी दोन्ही नळ्यांची अदलाबदल करून ठेवलेली असण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी. फिल्टर लावलेली नळी नेहमी कार्ब्युरेटरच्या पेट्रोल आत घेणाऱ्या तोंडावर जाते.

यंत्र दहा मिनिटे चांगले चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. जांभ्याची लाल धूळ तेलात कालवली जाऊन ते बुजते, आणि पडून राहिलेल्या यंत्रात कुंभारमाशी तिथे माती भरते. एवढे साधे कारण सुटून कार्ब्युरेटर विनाकारण उघडला जाऊ नये.

चोक ओढला असतानाच चालणारे आणि चोक सोडताच बंद पडणारे यंत्र मात्र कार्ब्युरेटरचीच तक्रार सांगत असते. एअर फिल्टरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर आतली सुई नीट बसत नाही. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता काही काळ तसेच वाजत राहिले, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पातळ चकतीतून) हवा शिरत आहे. त्यावर कार्ब्युरेटरच्या सफाईने काहीही साधत नाही, गॅस्केटच बदलावे लागते.

कार्ब्युरेटर उघडणे

हे काम मोकळ्या हवेत, दिवसा करावे. घरात समई, निरांजन किंवा गॅसची शेगडी पेटलेली असेल तर पडवीतही बसू नये. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी आणि दांड्यावरचे पाते उतरवून ठेवावे. खाली पांढरे सुती कापड पसरावे, म्हणजे सुटलेला लहान भाग हरवत नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. जोडताना स्मरणशक्तीपेक्षा ते अधिक विश्वासार्ह ठरते.

एअर फिल्टरचे झाकण आणि स्पंज काढल्यावर दोन लांब बोल्ट दिसतात. ते सोडले, रेसची तार मोकळी केली आणि दोन्ही नळ्या उपसल्या की कार्ब्युरेटर हातात येतो. नळ्या कडक, पिवळसर किंवा चिरलेल्या असतील तर त्या वाचवण्याचा प्रयत्न करू नये. नवी नळी घेताना जुनीचा तुकडा दुकानात न्यावा, म्हणजे आतला-बाहेरचा व्यास जुळतो. टाकीच्या छिद्रातून नळी ओवण्यासाठी तिचे टोक तिरके कापून पक्कडीने ओढावे आणि मग तिरका भाग छाटावा. टाकीतला फिल्टरही त्याच वेळी बदलावा, त्याची किंमत नगण्य असते.

या कार्ब्युरेटरला मोटारसायकलसारखी पेट्रोलची वाटी आणि तरंगता फ्लोट नसतो, कारण ग्रास कटर कोणत्याही कोनात धरला तरी चालायला हवा. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा इंजिनाच्या खोक्यातील दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि पंपासारखे काम करून टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा पडदा आतली ओढ वाढली की एका तरफेला दाबतो, तरफ सुई उचलते आणि इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल आत येते. हा दुसरा पडदा कडक झाला की तरफ पुरेशी दाबली जात नाही. मी पाहिलेल्या बहुतेक बंद यंत्रांत मुख्य कारण हेच होते. नवा पडदा बोटाने दाबला तर मऊ, निःशब्द दबतो. खराब झालेला वाळलेल्या पापडासारखा खडखडतो. असा पडदा कोणत्याही द्रावणात बुडवून मऊ होत नाही, तो बदलावाच लागतो. पडदे, गॅस्केट, सुई आणि जाळी यांचा संच दुकानात मिळतो, आणि मॉडेलनुसार तो घ्यावा.

दोन्ही बाजूंची झाकणे उघडल्यावर कोणता थर कोणावर होता हे न चुकता टिपावे. बहुतेक रचनांत पंपाच्या बाजूला कार्ब्युरेटरच्या मुख्य भागालगत पडदा आणि त्यावर गॅस्केट असते, तर दुसऱ्या बाजूला मुख्य भागालगत गॅस्केट आणि त्यावर पडदा असतो. हा क्रम उलटला तर स्वच्छ कार्ब्युरेटरही चालत नाही. तरफ काढण्यापूर्वी तिची उंची कडेच्या पातळीशी ताडून पाहावी आणि जोडताना तीच ठेवावी. तरफ वर वाकली तर पेट्रोल वाहते, खाली वाकली तर पुरत नाही. तिच्याखाली लहानशी स्प्रिंग असते, ती उडून जाते, म्हणून स्क्रू सोडताना तरफेवर बोट ठेवावे.

पंपाच्या बाजूला पेट्रोलच्या वाटेवर मसुराच्या दाण्याएवढी गोल जाळी असते. ती टाचणीने अलगद उचलावी. पुष्कळ लोक कार्ब्युरेटर उघडूनही ही जाळी पाहत नाहीत, आणि सगळा गाळ तिथेच अडकलेला असतो.

पडदे, फुगा आणि रबरी भाग पूर्ण वेगळे केल्यावरच कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारावा, कारण तो रबराला मारक असतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. बारीक छिद्रात मारलेला फवारा अनपेक्षित दिशेने उलट येतो. प्रत्येक छिद्रात फवारा मारून तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो की नाही ते पाहावे. येत नसेल तर क्लीनर आत ठेवून अर्धा तास थांबावे. नंतर विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच धागा हलक्या हाताने फिरवावा. पोलादी सुई किंवा ड्रिल वापरल्यास छिद्र मोठे होते आणि मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. धातूच्या लहान गोल चकतीने बुजवलेली जी जागा दिसते, ती पहिल्याच प्रयत्नात उचकटू नये.

आतल्या पृष्ठभागावर पांढरी भुकटी जमली असेल आणि ती पुसल्यावर खाली खड्डे दिसत असतील, तर पाण्याने धातू खाल्ला आहे. तिथे श्रम वाया घालवू नयेत. या सामान्य यंत्रांचा नवा कार्ब्युरेटर काही शे रुपयांत मिळतो; महागड्या यंत्राचा मात्र जपून साफ करणे परवडते.

जोडणी आणि सेटिंग

सुई आणि तरफ बसवल्यावर एक छोटी चाचणी घ्यावी. औषधांच्या दुकानातली सिरिंज स्वच्छ नळीने पेट्रोल आत येण्याच्या तोंडाला जोडावी आणि दट्ट्या हलकेच दाबावा. हवा अडून दट्ट्या मागे ढकलला जात असेल तर सुई नीट बसली आहे. हवा सरळ निघून जात असेल तर सुईखाली कचरा आहे किंवा तिचे टोक झिजले आहे. तोंडाने फुंकून ही चाचणी कधीही करू नये.

कार्ब्युरेटर इंजिनाला लावताना मधल्या गॅस्केटमधले लहान छिद्र इंजिनावरच्या तशाच छिद्रासमोर येते का ते नीट पाहावे. दाबाचे ठोके त्याच वाटेने पंपाच्या पडद्यापर्यंत येतात. गॅस्केट उलटे बसले तर ते छिद्र झाकले जाते आणि पेट्रोल अजिबात चढत नाही. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत.

पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) यांचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेनुसार घ्यावे. ५० ला १ असेल तर एका लिटरला २० मिली तेल, २५ ला १ असेल तर ४० मिली. हे अंदाजाने ओतू नये, मोजमापाची बाटली वापरावी. मिश्रण टाकीत न करता वेगळ्या डब्यात करून चांगले हलवावे.

फुग्यात बुडबुडे न येता पेट्रोल दिसेपर्यंत तो दाबावा, चोक ओढून सुरू करावे आणि इंजिन पाच मिनिटे गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेले सेटिंग टिकत नाही. या वेळी हंगामात जे लावणार तेच पाते किंवा दोरीचे डोके पुन्हा बसवलेले असावे आणि आसपास कोणी नसावे. बंद रेसवर इंजिन शांत चालावे आणि पाते फिरू नये; फिरत असेल तर आयडलचा (बंद रेसवरचा वेग ठरवणारा) स्क्रू कमी करावा, आणि त्यानेही थांबत नसेल तर क्लच पाहावा.

मिश्रणाचे दोन वेगळे स्क्रू असतील तर ते आधी हलकेच पूर्ण आत फिरवून सव्वा फेरा बाहेर घेतल्यास सुरुवात करता येते. रेस देताच इंजिन गुदमरून बंद पडत असेल तर कमी वेगाचा स्क्रू थोडा बाहेर घ्यावा. जास्त वेगाच्या स्क्रूबाबत घाई करू नये. पूर्ण रेसवर आवाज जितका तीव्र आणि स्वच्छ, तितके इंजिन चांगले, असे वाटते. परंतु तोच आवाज पेट्रोल आणि तेल कमी पडत असल्याचा असू शकतो. भार नसताना पूर्ण रेसवर इंजिन किंचित घोगरे, अडखळल्यासारखे वाजावे आणि गवताला पाते लागताच आवाज मोकळा व्हावा, इतका स्क्रू बाहेर ठेवावा. पाऊण तास कापल्यावर प्लग काढून पाहावा. तो तपकिरी दिसला तर सेटिंग योग्य आहे, पांढुरका दिसला तर स्क्रू आणखी थोडा बाहेर घ्यावा, काळा व तेलकट असेल तर थोडा आत.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, फुगा दाबून नळ्यांतले पेट्रोल टाकीत परत आणून तेही ओतावे आणि इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. मग चोक ओढून पुन्हा सुरू करून उरलेले संपवावे. प्लगच्या छिद्रातून टू-टी ऑइलचे काही थेंब सोडून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी, स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावा आणि यंत्र जमिनीवर न ठेवता कोरड्या जागी टांगावे. पुढच्या वेळी मिश्रण दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच करावे.